माग चालूच होता

या, जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनी पण पुढं यावं, ही गोष्ट ओरडून सांगायची नव्हे. गोष्ट वाईट आहे, पण देवाच्या दारात गोडच ऐकावं असं कुणी सांगितलंय? प्रल्हादाला सख्ख्या बापानं कड्यावरून लोटलं, विषाचा पेला पाजला, हे आपण माना डोलवत ऐकतोच की. तर आज सोलापुरातल्या एका पोराची गोष्ट ऐका. सगळे त्याला म्हणत होते, बापाच्या घरी जा. आणि एकटी एक बाई म्हणत होती, जाऊ देणार नाही.

साल चौऱ्याहत्तर. रेल्वे लाइनीपलीकडं दगडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं एक रिमांड होम होतं. पोलिसांनी धरलेली, घरातून पळालेली, बाजारात खिसे कापणारी चाळीसेक पोरं कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तिथं ठेवत. सावित्रम्मा तिथली गृहमाता. अक्कलकोटकडची लिंगायत विधवा, पंचेचाळिशीची, शाळा सातवीपर्यंत. घरात कानडी, बाहेर मराठी. पोरं तिला अक्का म्हणत. कुठल्या मठात, कुठल्या देवळात कीर्तन आहे हे गावाच्या आधी तिला कळायचं, आणि तिथं ती झांजेच्या इतक्या जवळ बसायची की घरी गेल्यावरही कान वाजत राहायचे.

ज्येष्ठातल्या एका दुपारी पोलिसांनी रेवणसिद्धला आणून सोडलं. वय पंधरा. सदऱ्यावर वाळलेलं रक्त, आणि ते त्याचं नव्हतं. त्याच्या बापाची, गुरुसिद्धप्पाची, चार यंत्रमागांची चादरींची शेड होती. त्या शेडमध्ये पोरानं धोटा उचलला होता. धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडं पळणारं लाकूड. दोन्ही टोकांना पोलाद बसवलेलं. ते पोलाद त्यानं बापाच्या डाव्या डोळ्यात खुपसलं. डोळा गेला. बरोबरच्या कागदावर लिहिलं होतं, ‘आई ईरम्मा चैत्रात गळफास घेऊन मयत. तेव्हापासून मुलाचे डोके फिरले आहे.’

सावित्रम्मानं कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, “डोकं काय भोवरा हाय का फिरायला?” पण तिलाही काही माहीत नव्हतं.

होमचा पांढरा सदरा अंगात घातल्या घातल्या रेवणनं त्याची गळपट्टी दातात धरली आणि टर्रकन फाडून काढली. दुसरा दिला, तोही फाडला. होमचे सुपरिंटेंडेंट कमलाकरराव नियमाचे पक्के होते. सदरा फाडला की सहा छड्या. पहिल्या आठवड्यात तीन सदरे आणि अठरा छड्या झाल्या. छडी पडताना पोर ओरडायचं नाही, मोजायचं. साहेबांची मोजणी चुकली तर सांगायचं, “साहेब, अजून एक ऱ्हायली.” हा माज आहे असं समजून साहेब ती एक जास्तच जोरात मारायचे.

झोपायचा बसून, भिंतीला पाठ लावून. जेवायचा पंगतीच्या शेवटी, तिथंही पाठ भिंतीलाच. एकदा दस्तगीर नावाचा खिसेकापू पोरगा, लई चेष्टेखोर, मजेमजेत पळत आला आणि मागून त्याच्या गळ्याला लोंबकळला. “चल रे मेरे घोडे!” एवढंच म्हणाला बिचारा. रेवणनं त्याला डोक्यावरून पुढं आपटला आणि नळाच्या दगडावर त्याचं तोंड तीनदा घासलं. दस्तगीरचे पुढचे दोन दात नळाखालच्या पाण्यात पडले. रेवणला बारा छड्या मिळाल्या.

सावित्रम्मा दोघांनाही हळद लावायला बसली. दस्तगीर बोबडं बोलत म्हणाला, “अक्का, ये छोकरा नहीं, बिच्छू है.”

“विंचू बी कुणाचं तरी लेकरूच असतंय. तोंड उघड.”

तिला मात्र रोज दिसत होती ती रेवणची उघडी मान. लिंगायताच्या घरचं पोर आणि गळ्यात इष्टलिंग नाही! बाळ डोळे उघडतं न उघडतं तोच गळ्यात बांधतात, मग मरेपर्यंत काढायचं नाही, ते लिंग. तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “तोडून टाकलं.” का, ते सांगेना. तिला लगेच वाटलं, सापडलं! पोराचा देव गळ्यातून गेलाय म्हणून पोर असं झालंय. देव परत गळ्यात आला की पोरही माणसात येईल. आपल्यासारख्या भाविक माणसाला दुसरं काय सुचणार? तुम्हाला मला तरी दुसरं काय सुचलं असतं?

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी ती मठात गेली आणि स्वामींच्या हातून लिंग घेऊन आली. बाजारातून पांढरं कोरं सूत आणलं, नऊ पदर वळून दोरा केला. कोऱ्या सुताला खळ असते, मागावर तुटू नये म्हणून लावलेली, तिचा आंबूस वास येतो. धुवायला हवं होतं. पण वाळेपर्यंत सोमवार निघून जाईल म्हणून तिनं धुतलं नाही.

दुपारी पंगत बसली. तिनं रेवणला भिंतीपासून उठवलं. “सणाचा दिस हाय, आज पावण्यावानी मधी बस की.” कशी कुणास ठाऊक, पण तिचा शब्द त्यानं मानला. ती आमटी वाढत वाढत त्याच्या मागं गेली, आणि पोर लाजेल, नाही म्हणेल म्हणून गपचूप, आई बाळाच्या गळ्यात घालते तसा, तो दोरा तिनं त्याच्या गळ्यात टाकला.

ताट उडालं. त्याच्या कोपराचा असा तडाखा बसला की तिचे दात खालच्या ओठातून आरपार गेले. ती मागं कोसळली आणि डोकं फरशीच्या कडेवर आपटलं. उजव्या हाताची दोन बोटं दोऱ्यात अडकली होती. पोरानं दोन्ही हातांनी हिसका मारून दोरा तोडला तेव्हा ती बोटं वाळक्या काटकीसारखी मोडली. तो आवाज चाळीस पोरांनी ऐकला. तरी तो थांबला नाही. तिच्या छातीवर बसला, हाताला आला तो पितळी तांब्या उचलला आणि तिच्या कपाळावर घातला. एकदा, दोनदा. डोळे तिच्याकडं नव्हतेच, कुठं तरी लांब होते. ओरडत होता कानडीत, “बिडु अप्पा! अव्वन्न बिडु!” सोड अप्पा, आईला सोड.

शिपायांनी त्याला ओढून काढला. मग छडी पडली. छडी चिरफळली तेव्हा बुटांनी मारला. “मारू नका, मारू नका,” सावित्रम्मा म्हणत होती, पण तोंडात रक्त भरलेलं, कुणाला काही कळेना. पोराला फरफटत मागच्या कोठीत नेऊन कोंडला. जाताना फरशीवर त्याची एक ओली रेघ उमटली.

सरकारी दवाखान्यात तिच्या ओठाला टाके घातले, बोटांना लाकडी पट्ट्या बांधल्या. कंपाउंडर म्हणाला, “बाई, नोकरी सोडा. साप पाळणं बरं ह्याच्यापेक्षा.” ती ऐकत नव्हती. तिच्या कानात ते चार शब्दच होते. होममध्ये कानडी येणारी ती एकटी. बाकीच्यांना ती नुसती बोंब वाटली होती. तिनं दोरा गळ्यात टाकला आणि पोर म्हणालं, आईला सोड. बापाला म्हणालं. कागद म्हणतो, आईनं गळफास घेतला.

घेतला की दिला?



त्याच दिवशी उन्हं कलायच्या आत ती परत आली आणि कोठीच्या गजाआड दिसेल अशी जमिनीवर बसली. आत पोर कोपऱ्यात, सुजून काळानिळा. काय बोलावं? तिला तिची कीर्तनं आठवली. कीर्तनकार कधी श्रोत्याच्या पाठीमागून बोलत नाही. समोर उभा राहतो, दोन्ही हात दिसतील असे ठेवतो, काय सांगणार ते आधी सांगतो आणि मगच सांगतो. आयुष्यभर पहिल्या ओळीत बसून तिनं हे बघितलं होतं आणि एवढं साधं हातात धरलं नव्हतं.

“रेवण, मी हितंच बसनार हाय,” ती म्हणाली. “माझे हात बग, मोकळे हायत. चूक माझी हुती. तुला न इचारता मागनं आले. परत येनार न्हाय. लिंग माझ्या देव्हाऱ्यात हाय, माझ्या लिंगाबरोबर मी त्याचीबी पूजा करते. तुला घालायचं न्हाय. कवाच न्हाय, तू म्हनत न्हाईस तवर.” मग थोड्या वेळानं, “आता मी उठते. पान्याचा तांब्या आनते. दारात ठेवते. मग मागं सरते.”

आणि तसंच केलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तेच. काहीही करायच्या आधी सांगायचं. पोरांना तर खेळणंच मिळालं. ती अंगणात आली की दस्तगीर भालदारासारखा ओरडायचा, “अक्का अब पानी पीते, सब हुशार रहो! अक्का अब शिंकते!” एकदा ती खरंच शिंकली आणि सगळं होम हसून लोळलं. कोठीतनं आवाज आला नाही, पण तिला वाटलं, गजाआड दोन दात चमकले.

कमलाकरराव हसले नाहीत. म्हणाले, “सावित्रम्मा, तुमचं चालू द्या. पुढच्या गुरुवारी इथंच कोर्ट बसणार आहे. त्याच्या वडिलांनी अर्ज केलाय, मुलगा माझ्या ताब्यात द्या म्हणून. डोळा गेला तरी माया गेली नाही बघा. मी शिफारस केली आहे. एकदा ही ब्याद गेली की सुटलो.”

“साहेब, त्याला तिकडं धाडू नका.”

“का? कारण सांगा.”

कारण तिच्यापाशी चार शब्दांचं होतं, तेही तिलाच मारत सुटलेल्या पोराच्या तोंडचं. ती परत कोठीपाशी जाऊन बसली.

रविवारी गुरुसिद्धप्पा आला. पांढरं स्वच्छ धोतर, कपाळाला भस्माचे पट्टे, डाव्या डोळ्यावर काळी फडकी, हातात केळ्यांची पाटी. चाळीस पोरांना त्यानं स्वतः केळी वाटली. बोलणं मऊ, साय दाटलेलं. साहेबांनी त्याला खुर्ची दिली. रेवणला कोठीतून काढून व्हरांड्यात उभा केला.

“मनीगे बा, मगा,” बाप म्हणाला. घरी चल, बाळा. मग पुढं होऊन त्यानं पोराच्या सदऱ्याची गळपट्टी हातानं नीट केली. हा सदरा रेवणनं फाडलेला नव्हता, कारण कोठीत असल्यापासून सावित्रम्मा त्याला वरचं बटन काढलेलाच सदरा देत होती. बापानं खिशातून दोरा काढला. बटनाच्या जागी दोन भोकांतून ओवला, आणि गळ्याशी घट्ट गाठ मारली. हळू, मायेनं. गाठ मारून बोटानं ती जराशी दाबली.

पोर हललं नाही. श्वाससुद्धा घेत नव्हतं. त्याच्या खाकी चड्डीतून पाणी पायावर ओघळलं.

सावित्रम्मा समोरून आली. “रेवण, मी गाठ सोडते,” ती म्हणाली, आणि डाव्या हातानं सोडली. “त्याला गळ्याशी चालत न्हाय.”

“असं व्हय? कवापासनं?” गुरुसिद्धप्पा हसला. त्याचा उरलेला डोळा तिच्या तोंडावर थांबला आणि तिथंच राहिला. आणि त्या एका डोळ्यात तिला कळलं, की आपल्याला कळलंय हे ह्याला कळलंय. तो वाकला. “अक्का, माझ्या पोरानं तुमास्नी लई तरास दिला. पदर पसरतो, माफी करा.” असं म्हणत त्यानं तिचा पट्ट्या बांधलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, साधूचा हात घ्यावा तसा, आणि आवळला. वीस वर्षं सूत ओढलेले हात ते. पट्टीच्या आत नुकतं धरू लागलेलं हाड कर्र करून वाजलं. बँडेजवर लाल ठिपका उमटला, मोठा होत गेला. तिच्या डोळ्यांपुढं काळोख आला. ओरडली असती, पण पोर बघत होतं.

“केली माफी,” ती म्हणाली. “हात सोडा.”

“याला म्हणतात बाप,” तो गेल्यावर कमलाकरराव म्हणाले.

दोन दिवस रेवणनं अन्न घेतलं नाही. मंगळवारी दुपारी ती गजापाशी बसली असता तो एकदम म्हणाला, “गुरुवारी मी गेलो तर एक तर मी न्हाय, न्हाय तर त्यो न्हाय.”

“व्हय,” ती म्हणाली. उगाच नाही-नाही असं काही म्हणाली नाही.

“तुमचा हात परत मोडला.”

“मोडला.”

“तुमी वरडला न्हाई.”

“वरडून काय, तू भ्याला असतास.”

अंगणात पोरं कवायत करत होती. मग तो भिंतीकडं तोंड करून बोलायला लागला, आणि सावित्रम्मा हलली नाही.

“अव्वा म्हनली, मी पोराला घिऊन म्हायेरी जाते. एवढंच म्हनली. दुपार हुती, गडी जेवाय गेलेले. अप्पानं चारी माग चालू केले. मला म्हनला, तू तुज्या मागावर उभा ऱ्हा. आवाज थांबला तर तुझी पाळी. मग सुताची दोरी घेतली. खळीचा वास येत हुता. मला दिसत हुतं, अक्का. अव्वाचे पाय जमिनीवर घासत हुते. बांगड्या फुटल्या त्याचा आवाज आला न्हाय, माग चालू हुता. माझी कांडी संपली. मी बदलली. परत संपली. ती बी बदलली. दोन कांड्या बदलल्या मी. अव्वा मरत हुती आन मी चादर विनत हुतो.” त्यानं कपाळ भिंतीला टेकवलं. “मग त्यानं तिला वर छपराच्या आड्याला बांधली. मला म्हनला, वरड, मानसं बोलाव. मी वरडलो बी.”

रडण्याची ही वेळ सावित्रम्माची नव्हती. “माग थांबवला असतास,” ती म्हणाली, “तर त्या आड्याला दोन दोऱ्या लागल्या असत्या. मग आज ईरम्माचं मला कुनी सांगितलं असतं?”

आईचं नाव ऐकून त्यानं मान वळवली. चैत्रापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

“हे मी कोर्टात सांगू?” तिनं विचारलं.

“नको. माझं हाय. मला सांगता येतंय का बगतो.”

“बरं. तूच बोल, मी बोलनार न्हाय,” ती म्हणाली. झालं, शब्द दिला. आता तिचं तोंड बांधलेलं. पोर बोललं तर वाचेल, नाही बोललं तर बापाच्या हाती जाईल, आणि तिनं मधे बोलायचं नाही.

गुरुवारी होमच्या दालनात कोर्ट बसलं. टेबलावर हिरवं कापड, मॅजिस्ट्रेट वयस्कर, चष्म्याच्या वरून बघणारे. कमलाकररावांनी अहवाल वाचला: सदरे फाडतो, सहकाऱ्याचे दात पाडले, गृहमातेला प्राणघातक मारहाण. वडील उदार मनाने ताबा घेण्यास तयार. गुरुसिद्धप्पा हात जोडून म्हणाला, “साहेब, पोटचं पोर हाय. आई गेल्यापासनं त्याला भ्रम झालाय, आईबद्दल काय बी बोलतंय. घरात मायेनं सुदरंल.” बघा कसा! पोर बोलायच्या आधीच त्याचा शब्द खोटा करून ठेवला.

मॅजिस्ट्रेटनी सावित्रम्माला विचारलं, “हे तुम्हाला याने मारलं?”

“मारलं साहेब. पन गुन्हा माझा. भाजलेल्या अंगावर मी मायेनं निखारा ठेवला.” मग ती म्हणाली, “एक मागणं हाय. पोराला बोलायचंय, बापाच्या समोर त्याचा गळा बंद हुतो. पाच मिनिटं ह्येंना भाईर बसवा.”

कारकून फिसकन हसला. मॅजिस्ट्रेट म्हणाले, “कायद्यात कुठं आहे असं?”

“कायदा मला येत न्हाय साहेब. तुमाला येतो म्हनून तर मागते की.”

मॅजिस्ट्रेटनी तिच्या हाताकडं बघितलं, टाक्यांच्या ओठाकडं बघितलं. म्हणाले, “पाचच मिनिटं.” गुरुसिद्धप्पा नम्रपणे वाकून व्हरांड्यात गेला. जाताना पोराच्या जवळून गेला.

रेवण उभा राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मॅजिस्ट्रेटनी घड्याळ बघितलं. सावित्रम्मा त्याच्या समोर येऊन उभी राहिली, हात दिसतील असे धरून. “मी हितं हाय,” एवढंच म्हणाली.

आणि पोराच्या तोंडून आवाज निघाला. खटाक्-खट. खटाक्-खट. खटाक्-खट. यंत्रमागाचा. त्याचे हात हवेत मागावर चालू लागले. कारकून हसायला गेला आणि थांबला, कारण पोराचे डोळे दालनाच्या कोपऱ्यात कुणाला तरी बघत होते. खटाक्-खट. तोंड माग चालवत होतं, आणि डावा हात मधूनच उठायचा आणि स्वतःचाच गळा धरायचा, नखं रुतेपर्यंत, मग सोडून परत मागावर यायचा. कांडी संपली. त्यानं ती बदलली, हवेतल्या हवेत, कुशल विणकराच्या सफाईनं. परत गळा. खाली त्याची टाच फरशीवर घासू लागली, तडफडणाऱ्या माणसाची घासते तशी, एकदा, पुन्हा, मग कमी कमी होत. दुसरी कांडी बदलली. टाच थांबली. माग चालूच. त्याच्या गळ्यातून नखांचं रक्त सदऱ्यावर उतरत होतं आणि सोलापूरचा एकेक माणूस, ज्यानं जन्मभर हा आवाज झोपेतसुद्धा ऐकलाय, त्या दालनात तो ऐकून थिजला होता.

“तवा अव्वा मेली,” रेवण म्हणाला. स्पष्ट, मोठ्यानं. “अप्पानं मारली. मी माग थांबवला न्हाय.”

कमलाकररावांनी कुणी न सांगता हातातला अहवाल उलटा करून टेबलावर ठेवला. मॅजिस्ट्रेटनी बापाला आत बोलवायला शिपाई धाडला. व्हरांडा रिकामा होता. आवाज बाहेर पोचला होता, आणि तो कोणाच्या मागाचा, हे बापाला सांगायला लागलं नाही.

निकाल झाला: मुलगा बापाच्या ताब्यात देऊ नये. त्या दिवसापासून रेवण कोठीत गेला नाही.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. बाईच्या मृत्यूचे कागद पोलिसांकडं गेले. पाच पंचांच्या सह्या झालेल्या, माती पडून पाच महिने झालेले. गुरुसिद्धप्पाला दोनदा बोलावलं, दोनदा तो हसत परत आला. पुढं कितीतरी वर्षं त्याचे माग चालले. देवळात तो आला की लोक उठून जागा देत. रेवणनं त्यानंतरही खिडकीची काच फोडून हात कापून घेतला, शिपायाच्या दंडाचा लचका तोडला. सावित्रम्मा दर वेळी समोरून गेली, सांगून गेली, कधी मार खाऊन परत आली. तिची ती दोन बोटं कायमची वाकडी राहिली. कीर्तनात टाळी वाजवली तर आवाज निघायचा नाही, तरी ती वाजवायची. अठरा पुरी झाल्यावर पोर मोहोळला एका सायकलच्या दुकानात लागलं. मागाजवळ परत कधी उभं राहिलं नाही.

आता तुम्हाला एक मागणं आहे. पोलिसांच्या दप्तरात आजही लिहिलेलं आहे की ईरम्मानं आपल्या हातानं जीव दिला. तो कागद बदलायला कुणी गेलं नाही, आता जाणारही नाही. म्हणून संध्याकाळी घरात दिवा लावाल तेव्हा एकदा तिची आठवण काढा. पोराला घेऊन माहेरी निघाली होती ती. तिला जगायचं होतं. एवढं विसरू नका.